घर फुटले, गुना फुटला नाही

विजयाराजे शिंदे यांच्या जन्मशताब्दी वर्षाचा समारोप १२ ऑक्टोबर २०२० रोजी शंभर रुपयांच्या नाण्याने झाला. पंतप्रधानांनी दिल्लीतून त्याचे अनावरण केले. असली स्मारक-नाणी बाजारात चालत नाहीत, हौशी संग्राहकांच्या कपाटात जाऊन बसतात. हे नाणे मात्र चालायचे होते. मध्य प्रदेशात विधानसभेच्या २८ जागांची पोटनिवडणूक ३ नोव्हेंबरला होती. त्यातल्या १६ जागा ग्वाल्हेर-चंबळ पट्ट्यातल्या, आणि त्यांतल्या बहुतेक रिकाम्या झाल्या होत्या त्या विजयाराजेंच्या नातवाने, ज्योतिरादित्यांनी, मार्चमध्ये काँग्रेसला रामराम ठोकल्यामुळे. भाजपने २८ पैकी १९ जागा जिंकल्या. आजी नाण्यावर, नातू व्यासपीठावर आणि सरकार शाबूत.

ज्योतिरादित्यांच्या पक्षांतराला त्यांच्या आत्या यशोधराराजे यांनी ‘घरवापसी’ म्हटले. वाहिन्यांना एवढे पुरेसे होते. आई एका पक्षात, मुलगा दुसऱ्या पक्षात, दोघांत अबोला, दोघांचाही एकाच वर्षी मृत्यू, आणि वीस वर्षांनी नातवाने सांधलेले घर. दूरचित्रवाणी मालिकेला आयता मालमसाला. शिंद्यांच्या फुटलेल्या घराची गोष्ट नेहमी अशीच सांगितली जाते. त्यात विजयाराजेंच्या वाट्याला भूमिका येते ती दुखावलेल्या आईची. आम्हाला ही भूमिका त्यांच्यावर अन्याय करणारी वाटते आणि काही बाबतींत त्यांना फार स्वस्तात सोडून देणारीही. त्या आई होत्या, तशाच देशातल्या अत्यंत मुरब्बी राजकारण्यांपैकी एक होत्या. फूट घरात पडली हे खरे. मतपेटीपर्यंत ती कधी पोहोचली का, एवढे तपासून पाहिले की या गोष्टीचा रंग बदलतो.

भाऊबंदकी विजयाराजेंना आजोळातूनच ठाऊक होती. त्यांचे आजोबा खड्गशमशेर राणा हे नेपाळच्या सत्ताधारी राणा कुळातले. १८८५ च्या रक्तरंजित सत्तापालटात त्यांचा हात होता आणि पुढे त्याच कुळाने त्यांना बाहेर काढले. ते मध्य प्रांतात सागरला येऊन राहिले. तिथे १९१९ साली जन्मलेली त्यांची नात लेखा दिव्येश्वरी. वडील सरकारी नोकरीतले ठाकूर, डेप्युटी कलेक्टर. १९४१ साली ग्वाल्हेरच्या जिवाजीराव महाराजांशी तिचे लग्न झाले तेव्हा आंग्रे, शितोळे, फाळके या नावांनी भरलेल्या दरबाराच्या कपाळाला आठ्या पडल्या. साताऱ्याच्या कण्हेरखेडहून निघालेल्या पाटलांच्या गादीवर बिगर-मराठा सून हे सरदारांना रुचणारे नव्हते. सुनेचे नाव बदलले, घरची भाषा बदलली. वीस वर्षांत याच सुनेच्या शब्दाबाहेर जाण्याची त्या दरबारात कोणाची टाप राहिली नाही, हे तिच्या राजकीय कौशल्याचे पहिले प्रमाणपत्र समजायला हरकत नाही.

राजकारणात त्या आल्या त्या काँग्रेसमधून, हे आज त्यांच्या पक्षाच्या समारंभांत फारसे कोणी उच्चारत नाही. ग्वाल्हेर हा तेव्हा हिंदू महासभेचा बालेकिल्ला. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत महासभेचे विष्णु घनश्याम देशपांडे ग्वाल्हेर आणि गुना अशा दोन्ही जागांवर निवडून आले होते. एक सोडावी लागली, ती पोटनिवडणुकीत डॉ. ना. भा. खरे यांनी घेतली. दोघेही मराठी, दोघेही महासभेचे. महाराजांचा कल महासभेकडे आहे, असा दिल्लीचा वहीम होता. तो दूर करायला महाराणी नेहरूंना भेटायला गेल्या आणि परतल्या त्या स्वतःच काँग्रेसच्या उमेदवार होऊन. १९५७ साली त्यांनी गुनात याच देशपांड्यांना पाडले. पुढच्या आयुष्यात हिंदुत्वाच्या राजकारणाची अधिष्ठात्री ठरलेल्या बाईंची पहिली शिकार हिंदू महासभेचा सरचिटणीस असावी, याला योगायोग म्हणा किंवा काही. १९६१ साली जिवाजीराव गेले. चाळिशीत वैधव्य आले, पांढरे वस्त्र आले आणि मुलगा गादीवर बसल्यावर ‘राजमाता’ ही उपाधी आली. ही उपाधी पुढे त्यांना किती उपयोगी पडली, याचा हिशेब कोणी मांडला नाही.

राजमातेला लोक वाकून नमस्कार करतात, आणि नमस्कार करणारा माणूस प्रश्न विचारत नाही. १९६७ साली त्यांनी जे केले ते एखाद्या पुरुष पुढाऱ्याने केले असते तर त्याला पक्षफोड्या म्हटले गेले असते. मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांना चाणक्य म्हणवून घेण्याची हौस होती. १९६६ साली बस्तरच्या महाराजांचा जगदलपूरच्या राजवाड्यातच पोलिसांच्या गोळीबारात अंत झाला होता, ग्वाल्हेरच्या विद्यार्थी आंदोलनावर पोलिसांचा हात पडला होता, तिकीटवाटपात राजमातांच्या शब्दाला मान राहिला नव्हता. पचमढीला युवक काँग्रेसच्या मेळाव्यात मिश्रांनी राजेरजवाड्यांची भर सभेत खिल्ली उडवली आणि राजमातांना भेटीसाठी ताटकळत ठेवले, असे सांगतात. त्या काँग्रेसमधून बाहेर पडल्या. लोकसभेला गुनातून स्वतंत्र पक्षाच्या तिकिटावर आणि विधानसभेला करैऱ्यातून जनसंघाच्या तिकिटावर अशा एकाच वेळी दोन पक्षांच्या उमेदवार म्हणून उभ्या राहिल्या. दोन्हीकडे निवडून आल्या. लोकसभा सोडली, विधानसभा ठेवली. कारण हिशेब भोपाळमध्ये चुकता करायचा होता.

तो जुलैमध्ये चुकता झाला. काँग्रेसचे ३६ आमदार फुटले, शिक्षण खात्याच्या मागण्यांवरील मतदानात मिश्रांचे सरकार कोसळले आणि संयुक्त विधायक दलाचे सरकार आले. दलाच्या नेत्या राजमाता. मुख्यमंत्री मात्र गोविंद नारायण सिंह, त्या फुटलेल्या आमदारांचे म्होरके. त्याच वर्षी हरियाणात गयालाल नावाच्या आमदाराने पक्ष बदलण्याचा विक्रम केला आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्दप्रयोग देशाला मिळाला. भोपाळमध्ये ३६ गयाराम निघाले, तरी त्याची आठवण राजमातेच्या स्वाभिमानाची गोष्ट म्हणून राहिली. गयालाल बिचारा एकटा होता आणि त्याच्या नावामागे उपाधी नव्हती.

मुख्यमंत्रिपद त्यांना घेता आले असते. त्यांनी घेतले नाही. ‘त्याग’ हा शब्द त्यांच्या चरित्रात इथे पहिल्यांदा येतो. १९७२ च्या अखेरीस जनसंघाला नवा अध्यक्ष हवा होता तेव्हा तो दुसऱ्यांदा येतो. लालकृष्ण अडवाणींनी आत्मचरित्रात सांगितलेला हा प्रसंग नमुनेदार आहे. वाजपेयी आणि अडवाणी ग्वाल्हेरला जाऊन राजमातांना अध्यक्षपदासाठी गळ घालतात. बऱ्याच मनधरणीनंतर त्या राजी होतात. मग म्हणतात, दतियाला आमचे गुरुजी आहेत, त्यांना विचारून येते. दोन्ही नेते थांबतात. राजमाता दतियाहून परततात आणि सांगतात, गुरुजींची आज्ञा नाही. मग भाई महावीरांना विचारणा होते, तिथेही नकार, आणि माळ अखेर अडवाणींच्या गळ्यात पडते. देशातल्या एका राष्ट्रीय पक्षाच्या अध्यक्षपदी १९७३ साली एक स्त्री बसली असती. ते दतियाच्या पीतांबरा पीठात अडले.

गुरूंवरची त्यांची श्रद्धा खरी होती, याबद्दल आम्हाला शंका नाही. पण खुर्ची नाकारली म्हणजे सत्ता नाकारली, असे होत नाही. गोविंद नारायण सिंहांचे सरकार सुमारे दीड वर्ष चालले. त्या काळात मुख्यमंत्र्यांची मुख्य तक्रार होती ती राजमाता आणि त्यांचे सल्लागार सरदार संभाजीराव आंग्रे यांच्या हस्तक्षेपाची. वैतागून गृहस्थ पुन्हा काँग्रेसमध्ये गेले. मुख्यमंत्र्याला विधानसभेत उत्तरे द्यावी लागतात, मुख्यमंत्री करणाऱ्याला ती द्यावी लागत नाहीत. जयविलास राजवाड्यातल्या भोजनगृहात टेबलावर चांदीचे रूळ आहेत. त्यांवरून छोटी चांदीची आगगाडी पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार घेऊन फिरायची. यजमानाने कळ दाबली की गाडी हवी त्याच्यापुढे थांबते, नको त्याच्यापुढून निघून जाते. भोपाळचे सरकार त्या दीड वर्षात साधारण असेच चालले.

आता घराकडे येऊ. १९७१ साली इंदिराबाईंच्या लाटेत जनसंघ २२ जागांवर आला, पण ग्वाल्हेरच्या जुन्या मुलखात लाट शिरली नाही. राजमाता भिंडमधून, वाजपेयी ग्वाल्हेरमधून आणि त्यांचे सव्वीस वर्षांचे चिरंजीव माधवराव गुनातून निवडून आले, तिघेही जनसंघाचे. मायलेकरांचा हा शेवटचा एकत्र विजय. आणीबाणी आली. राजमाता पकडल्या गेल्या आणि तिहारमध्ये पोहोचल्या. जयपूरच्या गायत्रीदेवी तिथे आधीच होत्या. माधवराव त्या काळात नेपाळला निघून गेले. परत आले ते जनसंघाचे उरले नव्हते. १९७७ साली गुनातून अपक्ष म्हणून निवडून आले. आईला हे जिव्हारी लागले. मुलाचे म्हणणे, आईला आंग्र्यांनी ताब्यात घेतले आहे, घराची मालमत्ता त्यांच्या सल्ल्याने पक्षावर आणि इतरत्र उधळली जाते आहे. आईचे म्हणणे, ज्या बाईने मला तुरुंगात टाकले तिच्याशी मुलाने संधान बांधले. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असावे, म्हणूनच ते मिटले नाही.

१९८० ची निवडणूक या घराच्या फुटीचा कळस. आई रायबरेलीत थेट इंदिरा गांधींच्या विरोधात उभी, आणि मुलगा गुनात इंदिरा गांधींच्याच पक्षाच्या तिकिटावर. असे चित्र भारतीय राजकारणात दुसरे नसेल. राजमाता हरणार हे त्यांना ठाऊक असणारच. रायबरेली काही करैरा नव्हती. १९७७ साली राजनारायणांनी तिथे इंदिराबाईंना पाडले होते, पण ते दिवस गेले होते. तरीही त्या उभ्या राहिल्या आणि मोठ्या फरकाने पडल्या. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत हा एकच सामना असा, ज्यात त्यांनी आपला मुलूख, आपली माणसे आणि आपली उपाधी मागे ठेवून लढाई केली. चरित्रकार त्यावरून घाईने पुढे जातात. आम्हाला मात्र विजयाराजे सर्वांत मोठ्या वाटतात त्या इथे. इंदिराबाई मेडकमधूनही निवडून आल्या होत्या, त्यांनी रायबरेली सोडली. म्हणजे ज्या जागेसाठी राजमातांनी प्रतिष्ठा पणाला लावली ती जागा जिंकणाऱ्याने ठेवलीही नाही.

१९८४ साली वाजपेयी ग्वाल्हेरमधून उभे होते. माधवराव गुनातूनच लढणार अशी सर्वांची समजूत. अर्ज भरायच्या शेवटच्या घटकेला ते ग्वाल्हेरच्या कचेरीत येऊन अर्ज भरून गेले. वाजपेयींना दुसरा मतदारसंघ गाठायला वेळ उरला नाही. पावणेदोन लाखांच्या आसपास मतांनी ते हरले. राजमातांनी मुलाच्या विरोधात वाजपेयींचा प्रचार केला. पण उमेदवार त्या नव्हत्या. वाजपेयींचे पुढे सांगणे असे की, आपण ग्वाल्हेर सोडले असते तर राजमाता स्वतः मुलाविरुद्ध उभ्या राहिल्या असत्या, आणि आई-मुलाची ती लढत आपल्याला होऊ द्यायची नव्हती. अटलजींच्या सौजन्याबद्दल आदर आहे. परंतु ती लढत व्हायला हवी होती. ग्वाल्हेरच्या मतदारांना एकदा तरी निवड करायला मिळाली असती. ती त्यांना त्या वर्षी मिळाली नाही आणि नंतरही कधी मिळाली नाही.

गुनाच्या खासदारांची यादी एकदा डोळ्यांखालून घालावी. १९५७ विजयाराजे, काँग्रेस. १९६७ विजयाराजे, स्वतंत्र पक्ष. त्यांनी जागा सोडल्यावर पोटनिवडणुकीत त्यांच्या आशीर्वादाने आचार्य कृपलानी. १९७१ माधवराव, जनसंघ. १९७७ माधवराव, अपक्ष. १९८० माधवराव, काँग्रेस. ते ग्वाल्हेरला गेल्यावर १९८४ साली त्यांच्याच गोटातले महेंद्रसिंह कालूखेडा. मग १९८९, १९९१, १९९६, १९९८ अशा चार निवडणुका ओळीने विजयाराजे, भाजप. प्रकृतीमुळे त्या थांबल्या आणि १९९९ साली त्याच जागेवर माधवराव, काँग्रेस. १९९८ च्या आरंभी भाजपच्या आईला आणि १९९९ च्या शरदात काँग्रेसच्या मुलाला त्याच मतदारांनी निवडून दिले. मधल्या दीडेक वर्षात गुनाच्या शेतकऱ्याचे विचार बदलले नव्हते. राम मंदिराबद्दलचे मत, सोनियांच्या परदेशी जन्माबद्दलचे मत, गव्हाच्या भावाबद्दलचे मत जिथल्या तिथे होते. बदलले होते ते राजवाड्यातले कोण उभे आहे एवढेच.

आई गुनात उभी असे तेव्हा मुलगा ग्वाल्हेरला. आईने गुना सोडल्यावर मुलगा तिथे आला, तेही १९९८ साली ग्वाल्हेरमध्ये मताधिक्य थोडक्यावर येऊन ठेपल्यानंतर. पुढच्या पिढीत ज्योतिरादित्य काँग्रेसचे खासदार आणि त्याच गुना मतदारसंघातल्या शिवपुरीत आत्या यशोधराराजे भाजपच्या आमदार. दोघांची कधी गाठ पडली नाही. हे सारे घरात बसून ठरवले होते, असे आमचे म्हणणे नाही. अबोला खोटा नव्हता. १९८५ च्या तारखेचे एक मृत्युपत्र राजमातांच्या निधनानंतर आंग्र्यांकडून पुढे आले. मुलाने आपले अंत्यसंस्कार करू नयेत असे त्यात लिहिलेले होते. जानेवारी २००१ मध्ये अग्नी दिला तो माधवरावांनीच. सप्टेंबरमध्ये मैनपुरीजवळ विमान कोसळून तेही गेले. इतकी कटुता ठरवून कोणी करत नाही. पण हद्दी पाळायला करार लागत नाही. कोणाचा गड कोणता हे सरंजामी घरात पाळण्यातल्या पोरालाही कळते.

आपल्याकडची अलीकडची उदाहरणे या कसोटीला लावून पाहण्यासारखी आहेत. परळीत २०१४ साली पंकजा मुंडेंनी चुलतभाऊ धनंजय यांना हरवले, २०१९ साली धनंजय यांनी पंकजांना. बारामतीत २०२४ साली नणंद-भावजय समोरासमोर आल्या. सुप्रिया सुळे दीड लाखांवर मतांनी जिंकल्या, सुनेत्रा पवार हरल्या. तेव्हा ‘महाराष्ट्राच्या संस्कृतीला हे शोभत नाही’ असे हुंदके पुष्कळांनी काढले. आमचे मत उलट आहे. घर फुटले असेल तर ती फूट मतपत्रिकेवर दिसावी. बारामतीच्या माणसाला त्या उन्हाळ्यात दोन पवारांतून एक निवडावा लागला, घरोघर वाद झाले, पण निवड त्याची होती. (निवडायला तिसरे आडनाव का नाही, हा प्रश्न रास्त आहे. तो पुन्हा केव्हातरी.) हरलेल्या भावजयबाई महिन्याभरात राज्यसभेवर गेल्या, ही गोष्टही त्याच हिशेबात धरावी.

विजयाराजेंच्या बाबतीत ‘बाई’ म्हणून दोन गोष्टी नोंदवायला हव्यात आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. १९५६ साली ग्वाल्हेरला त्यांनी मुलींसाठी सिंधिया कन्या विद्यालय काढले. राजवाड्यातल्या बायका पडद्यात होत्या त्या काळात. आणि १९८७ साली राजस्थानात देवराळ्याला रूपकुंवर ही अठरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या चितेवर जळाली, देश हादरला, सतीविरोधी कायदा आला, तेव्हा भाजपच्या उपाध्यक्ष असलेल्या याच राजमाता स्वेच्छेने सती जाण्याच्या स्त्रीच्या हक्काची बाजू घेऊन पुढे आल्या. स्वतः सव्वीस वर्षे विधवा म्हणून जगलेल्या, त्या सव्वीस वर्षांत सरकार पाडलेल्या, तुरुंग भोगलेल्या, पंतप्रधानांविरुद्ध लढलेल्या. वैधव्यानंतर स्त्रीचे आयुष्य संपत नाही याचा त्यांच्याइतका ठळक पुरावा देशात शोधून सापडला नसता. श्रद्धेपोटी त्या तसे वागल्या हे स्पष्टीकरण दिले जाते. राजपूत मतांचाही विचार असावा. १९९२ साली अयोध्येच्या व्यासपीठावर त्या होत्या, बाबरी खटल्यात आरोपी होत्या, निकालापूर्वी गेल्या. या बाबतीत त्यांच्या सहकाऱ्यांवर झाली तेवढीही टीका त्यांच्यावर झाली नाही. पुन्हा तीच उपाधी आडवी आली.

आणखी एक श्रेय त्यांना द्यायला हवे. जनसंघात आल्यानंतर त्यांनी पक्ष बदलला नाही. त्या घरातल्या पुरुषांना हे जमलेले नाही. माधवराव जनसंघ, अपक्ष, काँग्रेस, स्वतःचा मध्य प्रदेश विकास काँग्रेस आणि पुन्हा काँग्रेस असे फिरले. ज्योतिरादित्यांचे सर्वांसमोर आहे. मुलींनी मात्र आईचा पक्ष सोडला नाही. वसुंधराराजे १९८४ साली भिंडमध्ये हरल्या, मग सासरच्या धौलपुरात गेल्या, तिथून आमदार झाल्या आणि २००३ साली राजस्थानच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री. आईने नाकारलेली खुर्ची मुलीने घेतली, दोनदा घेतली, विधानसभेत उत्तरे दिली, दोनदा हरली. आमच्या लेखी हे अधिक मोलाचे. तरी २०२० साली ‘राजमातांचा वारसा’ म्हणून गौरव झाला तो नातवाचा. २०२३ साली राजस्थान जिंकल्यावर आमदारांच्या बैठकीत नव्या मुख्यमंत्र्याच्या नावाची चिठ्ठी वसुंधराराजेंच्याच हातात देण्यात आली आणि त्यांना भजनलाल शर्मांचे नाव वाचावे लागले. चिठ्ठी उघडतानाचा त्यांचा चेहरा सर्व देशाने पाहिला.

गुनाच्या यादीत शिंद्यांना हरवून आलेले एक नाव येते, ते २०१९ चे. कृष्णपाल ऊर्फ के. पी. यादव. हे गृहस्थ ज्योतिरादित्यांचेच कार्यकर्ते, एके काळी मतदारसंघात त्यांचे प्रतिनिधी म्हणून काम पाहिलेले. काँग्रेसमध्ये डावलले गेले म्हणून भाजपमध्ये आले. त्यांचे एक जुने छायाचित्र तेव्हा सगळीकडे फिरले. महाराज गाडीत बसले आहेत, यादव बाहेर उभे राहून काचेतून त्यांच्यासोबत सेल्फी घेत आहेत. उमेदवारी जाहीर झाली तेव्हा ते चित्र टिंगलीसाठी फिरवले गेले, निकालानंतर उलट्या कारणासाठी. यादव सव्वा लाख मतांनी जिंकले. राजमाता आणि माधवराव ज्या जागेवर कधी हरले नव्हते तिथे एका कार्यकर्त्याने महाराजांना पाडले. पुढच्या वर्षी महाराज २२ आमदारांना घेऊन भाजपमध्ये आले, राज्यसभेवर गेले, केंद्रात मंत्री झाले. आजीच्या ३६ आमदारांचे दाखले दिले गेले.

२०२४ साली भाजपने गुनाची उमेदवारी जाहीर केली ती ज्योतिरादित्यांची. विद्यमान खासदार, तेही शिंद्यांना हरवून आलेला, घरी बसला. प्रचारसभेत अमित शहांनी मतदारांना सांगितले की यादवांची काळजी आमच्यावर सोडा, गुनाला दोन-दोन नेते मिळतील. ज्योतिरादित्य पाच लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. त्यांची राज्यसभेची जागा रिकामी झाली आणि यादवांचे नाव काही दिवस वर्तमानपत्रांतून फिरले. ऑगस्टमध्ये त्या जागेवर भाजपने केरळचे जॉर्ज कुरियन यांना पाठवले.